चिंध्यांचं पार्सल

ता. २ मार्च

ती. वन्सं यांस,
धाकट्या भावजयीचा सा. न. वि. वि.

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण मी एकटीने तुम्हाला पत्र कधी लिहिलं नाही. ह्यांच्या पत्राखाली दोन ओळी नमस्काराच्या घालत आले. तेव्हा हे पाहून दचकू नका. फोन केला असता, पण आमच्याकडे फोन ह्यांच्या उशाशी असतो. उत्तरही घरी नको, मी काम करते त्या चपलांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. मालकीणबाईंना सांगून ठेवलंय. हे पत्रसुद्धा मी दुकानात, पायाचं माप घ्यायच्या बुटक्या स्टुलावर बसून लिहितेय.

ह्यांना शिडीवरून पडून दोन वर्षं होतील. मणका जुळला, फिरायला परवानगी मिळाली, बोर्ड रंगवायची कामंही थोडी थोडी सुरू झाली. पण दुखण्यावरच्या त्या पांढऱ्या गोळ्या सुटल्या नाहीत. डॉक्टरांनी दिवसाला दोन लिहून दिल्यात. हे आठ घेतात, कधी दहा. घेतल्या की तासाभरात खुशीत येतात, मग बसल्या जागी मान टाकतात. ब्रश हातात असतो आणि रंग मांडीवर गळत असतो. नाही घेतल्या तर हात असा थरथरतो की सरळ रेघ ओढता येत नाही. हेच दोरी न धरता फळीभर ओळ सरळ लिहायचे, तुम्हाला ठाऊक आहे.

न सुटणारं कोडं असं की चिठ्ठीवरच्या गोळ्या आठ दिवसांत संपतात, आणि ह्यांच्याकडे महिनाभर असतात. औषधवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, चिठ्ठीपलीकडे एकही दिली नाही. मी डबे पाहते, गादीखाली पाहते. दिवसभर लोकांच्या पायात बूट घालायचे आणि घरी येऊन नवऱ्याच्या बुटात हात घालायचा, असं चाललंय.

डॉक्टरांना जाऊन सांगू का? सांगितलं तर ते ह्यांना दवाखान्यात ठेवून घेतील आणि हे जन्मभर माझं तोंड पाहणार नाहीत. न सांगितलं तर पुढचं मला लिहवत नाही. हे जगात एका तुमचं ऐकतात. तुम्ही म्हणाल तसं करीन.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घाला, पण माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची भावजय


ता. ७ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला. माझी शाळा दुसरीत सुटली, गोड लिहायला मला कुणी शिकवलं नाही, येतं तसं लिहिते.

नवऱ्याच्या बुटात हात घालणारी बायको मी पहिल्यांदाच ऐकली. माणूस दोन मजल्यांवरून फरशीवर आपटलाय. त्याला दुखतं. दुखतं म्हणून घेतो. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना मोजायला काय जातं? ती दारू नाही, डॉक्टरने लिहून दिलेलं औषध आहे. दोन लिहिल्या आणि चार घेतल्या तर आभाळ कोसळत नाही.

आमच्या रुग्णालयात येऊन बघ. म्हाताऱ्यांना ह्याच गोळ्या देतात. ते गालात धरून बसतात आणि नर्सची पाठ वळली की उशीच्या अभ्र्यात सारतात. धुलाईखान्यात खिसे आणि अभ्रे तपासायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे मला ठाऊक. निघालेल्या गोळ्या लाल डब्यात टाकायच्या असा नियम आहे, आणि तो डबा शनिवारी भट्टीत जातो. ज्यांना नको त्यांच्या जळतात आणि ज्याला हव्यात त्याच्या बायको मोजते. चांगला न्याय आहे.

डॉक्टरकडे चुगली करायला जाऊ नकोस. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि कुठून येतात, कुठून येतात करत फिरू नकोस. येतात तर येतात. औषधवाल्यासमोर घरची लक्तरं कशाला?

चिंध्यांचं पार्सल सोमवारी टाकलंय. बाद झालेल्या चादरी आहेत. ब्रश पुसायला त्याला आमच्याच लागतात. बांधलेलं तसंच त्याच्या हातात दे, घडी मोडली की तो चिडतो.

माझ्या बोलण्याचा राग येणारच, येऊ दे, पण लोभ बाजूला काढून ठेव.

तुझी वन्सं


ता. १६ मार्च

ती. हेडमास्तरीणबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

मास्तर खरं तर मी. दुसरीतली पोरगी चौथीतल्या पोराकडून लिहायला शिकली, आणि आता त्याच पोराला पत्रातून छड्या मारते. आठवतं का, रिकाम्या डब्याच्या झाकणावर मी तुला पहिलं अक्षर रंगवून दिलं होतं? तू गिरवायचं सोडून झाकण राखेने घासून लख्ख केलंस आणि डब्याला लावून टाकलंस. अशी विद्यार्थिनी देव कुणाला न देवो.

पार्सल मिळालं. चिंध्या मऊ आहेत. मधल्या घडीतलंही मिळालं, बावीस निघाल्या. मागच्या खेपेला चाळीस होत्या. तुमचे म्हातारे हल्ली गिळायला लागले का?

बेकरीवाल्याचा बोर्ड पूर्ण झाला. लाल अक्षरं, पिवळी किनार. त्याने दहा वेळा विचारलं की अजून मोठं लिहिता येईल का. मी म्हणालो की दुकानापेक्षा बोर्ड मोठा झाला तर पाव कुठे ठेवशील?

तुझ्या भावजयीला संशय आलाय. रोज माझे बूट तपासते. मी तिला सांगितलं की मापच घ्यायचं असेल तर पाय पुढे करतो. हसली नाही. ताई, थट्टा सोडून सांगतो. बाकी सगळे मोजतात. तू एकटी आहेस जिला माझं दुखणं कळतं. पार्सल पंधरा दिवसांऐवजी आठ दिवसांनी आलं तर माझ्यावर उपकार होतील.

लोभाची कसर कर, पण पार्सलाची करू नकोस.

तुझा पेंटर


ता. २९ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

परवा संध्याकाळी दुकान आवरून घरी आले तर जिन्यातच जळका वास. हे एका जुन्या दाराचा रंग सोलत होते. रंग जाळायचा दिवा पेटवला, आणि पेटता दिवा हातात असताना झोप लागली. दार निम्मं काळं पडलं होतं. दिवा गडगडत जाऊन टर्पेंटाइनच्या बाटलीपासून हातभर अंतरावर थांबला होता. ह्यांच्या डाव्या बाहीला भोक पडलं होतं, आणि खाली हात कोपरापर्यंत भाजला होता. कातडी सुटली होती. हे जागे झाले, माझ्याकडे पाहून हसले आणि मला लवकर कशी सुटलीस म्हणून विचारलं.

वन्सं, तुम्ही लिहिलंत की दुखतं म्हणून घेतात. हात भाजलेला ज्याला कळत नाही त्याची पाठ दुखते कशी? तुम्ही मोठ्या आहात, मला एवढं समजावून सांगा.

मी पट्टी बांधली आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. आता मला एकच पाहिजे. जो कुणी ह्यांना गोळ्या आणून देतो तो माझ्यासमोर यावा. मला सगळे गरीब गाय म्हणतात. पण त्याच्या दारात जाऊन मी असं बोलेन की त्याच्या घरच्यांना अन्न गोड लागणार नाही. त्याला बहीण असेल, आई असेल, त्यांनी ऐकावं.

तुम्ही या. नाहीतर निदान ह्यांना लिहा.

मोठेपणा तुमच्याकडे आहे, तो आता वापरा, एवढंच मागणं.

तुमची भावजय


ता. ३ एप्रिल

चि. पेंटरास,
अ. उ. आ.

भाजलेला हात मला कळला. कुणाकडून ते विचारू नकोस.

आजपासून चिंध्या येतील त्या नुसत्या चिंध्या. मधली घडी रिकामी. पाया पड, रड, शिव्या दे, फोन कर, मी उचलणार नाही. तुला कडेवर घेऊन मी वाढवलंय, हट्ट किती वेळ टिकतो ते मला ठाऊक आहे. चार दिवस जड जातील, मग निवळशील.

तुझ्या बायकोला मी काही बोललेले नाही, तूही बोलू नकोस. झालं ते आपल्या दोघांत राहू दे. झाकली मूठ.

हात ओला करू नकोस. जीव लावते म्हणून लिहिते, नाहीतर मला पत्रं लिहायची हौस नाही.

तुझी ताई


ता. १४ एप्रिल

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही ह्यांना काय लिहिलंत ते विचारत नाही, पण आधी वाकून नमस्कार करते. आठवडा झाला, घरात गोळी नाही. बूट रिकामे, डबे रिकामे. ह्यांनी स्वतः सांगितलं की सोडल्या. मी वेडी दुकानातल्या मोरीत जाऊन रडून आले.

पण नेमका ह्याच वेळी ह्यांना ताप आलाय. अंगावर काटा येतो, घामाने गादी भिजते, पोटात पाणी ठरत नाही. पाय तर रात्रंदिवस असे झाडतात की पांघरूण राहत नाही. साथीचा ताप असेल का? डॉक्टरांकडे नेऊ म्हटलं तर हे नको म्हणतात. माझ्या मनात न्यावं असं आहे. तुम्ही रुग्णालयात असता, रोज आजारी माणसं पाहता. तुम्ही सांगाल ते करते.

बऱ्याच दिवसांनी आशेने सही करते, तुमचाही हात पाठीवर असू दे.

तुमची भावजय


ता. १८ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तापच आहे. उतरेल. डॉक्टरकडे नेऊ नकोस, नेलं की तो परत तीच चिठ्ठी लिहून देईल आणि सगळं मुसळ केरात. कोमट पाणी दे, अंग पुसून घे.

कामाची गर्दी आहे म्हणून एवढंच.

तुझी वन्सं


ता. २६ एप्रिल

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं, म्हणून नेलं नाही.

मंगळवारी ह्यांना जरा बरं वाटलं. दाढी केली, तुझ्या आईला भेटून येतो म्हणाले. मला आनंद झाला, मीच शर्टाला बटण लावून दिलं. आईच्या गुडघ्यांसाठी त्याच पांढऱ्या गोळ्या असतात हे मला ठाऊक होतं, पण डोक्यात आलं नाही. हे तिच्याकडून पाकीट घेऊन आले आणि पूर्वीच्या हिशेबाने दहा एकदम घेतल्या. मी आले तेव्हा भिंतीला टेकून बसले होते, ओठ जांभळे, श्वास मोजून घ्यावा असा. शेजारच्या शिंप्याने आणि मी जिन्यावरून उतरवलं.

जगले. तीन दिवस नळीवर होते, काल डोळे उघडले. अजून बोलत नाहीत. मी बाहेर बाकावर बसून लिहितेय.

डॉक्टर म्हणाले की तो ताप नव्हता, गोळ्या एकदम तोडल्याने अंग मागत होतं. तेव्हाच आणलं असतं तर इथे ठेवून हळूहळू उतरवल्या असत्या. पंधरा दिवस न घेतलेल्या अंगाला जुनी मात्रा सोसत नाही, त्यात माणूस जातो. त्यांनी मला विचारलं की किती दिवसांपासून, दिवसाला किती, कोण देत होतं, एकदम का थांबलं. बायको म्हणून उभी होते आणि काही ठाऊक नव्हतं.

तुम्हाला काही ठाऊक असेल तर लिहा.

तुमची भावजय


ता. १ मे

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. रीत म्हणून अ. उ. आ.

बसून वाच. गिऱ्हाईक असेल तर आधी वाटेला लाव.

गोळ्या मी पाठवत होते. चिंध्यांच्या मधल्या घडीत. जवळजवळ दोन वर्षं, दर पंधरा दिवसांनी, कधी बावीस, कधी चाळीस. ही एक ओळ लिहायला मला दोन दिवस लागले. तुझ्या डॉक्टरांनी विचारलं त्याची ही उत्तरं. एकदम का थांबलं, तर मीच थांबवलं. तू भाजलेल्या हाताचं लिहिलंस तेव्हा.

तो पडला तेव्हा मी आठ दिवस तुमच्याकडे होते. कूस बदलताना तो ओरडायचा ते तू ऐकलंस तसं मीही ऐकलं. आई कामाला जायची म्हणून मला शाळेतून काढून ह्याला माझ्या कडेवर दिलं होतं. तो रडला की माझा जीव खालीवर, आणि गप्प झाला की माझं काम झालं. तीच खोड अंगात राहिली. परत कामावर आले तर पहिल्याच दिवशी एका अभ्र्यातून सहा निघाल्या, त्याच पांढऱ्या, मधे रेघ असलेल्या. लाल डब्यावर हात थांबला. आमच्या आईने आम्हाला दोऱ्याचा तुकडा टाकू दिला नाही. म्हटलं, भट्टीत जाण्यापेक्षा भावाच्या पाठीला लागतील. एप्रनच्या खिशात टाकल्या. सगळ्यांचे खिसे मी तपासते, माझा खिसा कोण तपासणार? कुंपणानेच शेत खाल्लं.

पुढे तो मागत गेला. निघतील तेवढ्यांवर भागेना, तेव्हा म्हाताऱ्यांच्या वॉर्डाची गाडी मी मागून घ्यायला लागले. खिडकीजवळच्या खाटेवर एक आजीबाई होती, तिच्या उशीत हमखास दोन असायच्या. एक दिवस नव्हत्या. मला इतका राग आला, की आज गिळल्या वाटतं हिने. तिला दुखत होतं म्हणून तिने तिची गोळी गिळली, आणि मला राग. तिथे तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता.

तू मोजत होतीस आणि मी तुला टोमणे मारले. देणाऱ्याच्या दारात जाऊन तू बोलणार होतीस, त्या दाराला तू अकरा वर्षं नमस्कार लिहीत होतीस. पण ह्याहून वाईट वेगळं आहे. अठरा तारखेचं पत्र. तो ताप कसला ते मला वाचताक्षणी कळलं होतं. तशा माणसांच्या चादरी आमच्याकडे येतात, वासावरून वॉर्ड सांगते मी. पण डॉक्टरकडे नेलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तो बोलला असता, माझं नाव निघालं असतं. म्हणून नेऊ नको लिहिलं. भावाला वाचवायला निघाले आणि वाटेत स्वतःलाच वाचवत बसले.

हे पत्र डॉक्टरांना दाखव. सोमवारी मी मुकादमबाईला सांगणार आहे. काढतील. पोलिसांत देतील तर जाईन.

लोभ मागायला तोंड राहिलेलं नाही, नुसती सही करते.

वन्सं


ता. २२ मे

ती. वन्सं यांस,
सा. न.

तुमचं पत्र वाचायला मी थांबले नाही, गिऱ्हाइकं असतानाच उघडलं. एका बाईच्या डाव्या पायात उजवा बूट घातला आणि बरोबर बसतो म्हणून सांगितलं.

उत्तराला तीन आठवडे लागले. आधी जे लिहिलं होतं ते फाडलं. पोस्टमनला लाज वाटली असती.

पत्र डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले की हे महिनाभर आधी मिळायला हवं होतं. तुम्ही एकट्या नव्हतात हेही सांगते. माझी आई दर भेटीत दोन-दोन देत होती. मालकीणबाईंनी डोळे पुसत कबूल केलं की त्यांच्या कंबरेच्या गोळ्यांतल्या त्याही देत होत्या, माझ्या नाकासमोर, ह्या दुकानात. प्रत्येकीला ह्यांनी एकच सांगितलं होतं, की तुम्ही एकट्या आहात जिला माझं दुखणं कळतं. मला मात्र ह्यांनी ते कधी म्हटलं नाही. मी मोजणारी.

ह्यांना व्यसन सोडवायच्या वॉर्डात ठेवलंय. अजून दोन-तीन आठवडे लागतील. गोळ्या उतरवत आणल्यात. डॉक्टर म्हणाले की हाताची थरथर इतक्यात जाणार नाही, वर्ष लागेल, बोर्ड लिहायचा हात परत येईलच असंही नाही. ते ऐकून ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. सोबत ह्यांची चिठ्ठी पाठवते. चारच ओळींना एक दुपार गेली. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलीत, तुम्हाला वाचता यावं म्हणून खाली मी लिहून देते: ताई, मला खूप दुखतं. तू सांगितलंस ते बरं केलंस. मला तुझं तोंड बघायचं नाही. ये.

मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. पण ह्यांच्याबद्दल बोलावं असं दुसरं माणूस मला उरलेलं नाही.

भावजय


ता. ३० जून

ती. हेडमास्तरीणबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

घरी येऊन तीन आठवडे झाले. वॉर्डात तू येऊन गेलीस, आपण दोघं एक तास खिडकीबाहेर बघत बसलो आणि कुणी काही बोललं नाही, ते मी विसरलेलो नाही. तुझ्याएवढी बडबडी बाई तासभर गप्प बसली हे त्या डॉक्टरला सांगितलं असतं तर त्याने तुलाच दाखल करून घेतलं असतं.

तुझी नोकरी गेली आणि तू आता शाळेच्या फरशा पुसतेस असं कळलं. फार वाईट वाटलं. माझ्यामुळे झालं. फळ्यावर काही लिहिलेलं दिसलं तर पुसण्याआधी गिरवत जा, अभ्यास होईल.

माझं छान चाललंय. भूक लागते, झोप लागते. न्हाव्याच्या दुकानाचा बोर्ड घेतलाय, निळ्यावर पांढरी अक्षरं. डॉक्टर म्हणाला वर्ष लागेल. हे पत्र बघ आणि सांग, लागलं का वर्ष? हात असा चालतोय की पडण्याआधीही चालत नव्हता.

चिंध्या मात्र संपल्या. धुलाईखान्यात तुझ्या जागी जी बाई लागली तिच्याशी तुझी ओळख असेलच. एक गाठोडं मागून घेशील का? नुसत्या चिंध्या हं. तुझ्या भावजयीला सांगू नकोस, ती उगाच घड्या उलगडत बसेल. तिला काही कळत नाही. तू एकटी आहेस जिला कळतं.

तुझ्यावाचून मला कुणी नाही, हे लोभाच्या जागी समज.

तुझा पेंटर


ता. ४ जुलै

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

ह्या पाकिटात त्याचं पत्र आहे. माझं वाचायच्या आधी ते उघड. वाचू नकोस, नुसतं हातभर लांब धरून बघ.

पाहिलंस? एक रेघ हललेली नाही. ओळी बघ, जणू दोरी धरून लिहिल्यात. वेलांट्या बघ. मी पत्र उघडलं तेव्हा शाळेच्या जिन्यात बसले होते, बादली बाजूला. इतकं मोत्यासारखं अक्षर पाहून क्षणभर छाती भरून आली. आणि मग मे महिन्यातली चिठ्ठी आठवली. तू पाठवलेल्या त्याच्या त्या चिठ्ठीतली अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली होती, ती माझ्या भावाची होती. ही गोळीची आहेत. सहा आठवड्यांत अशी होत नाहीत, डॉक्टर मूर्ख नाही.

तासभर मी स्वतःला फसवून पाहिलं. म्हटलं, बरा झाला असेल, एखादा होतो. मग शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. नुसत्या चिंध्या हं. चिंध्यांना हं कशाला लागतो?

आता कोण देतं ते मला ठाऊक नाही. मी नाही, शपथ घेणार नाही, माझ्या शपथेला कवडीची किंमत नाही. न्हाव्याकडे बघ, शिंप्याकडे बघ. कुणाला तरी तो सांगत असेल की तुम्ही एकटे आहात. कोण ते सापडलं तरी फार काही होईल असं मला वाटत नाही. एक बंद झाला की तो दुसरा शोधेल, आणि जग चांगल्या माणसांनी भरलेलं आहे. खरं सांगायचं तर आशा मला उरलेली नाही. तू मार्चमध्ये विचारलं होतंस, सांगू का नको. तेव्हाच हो म्हटलं असतं तर आज काय झालं असतं ते मला ठाऊक नाही. पण नको म्हटल्याने काय झालं ते आपण दोघींनी पाहिलंय.

म्हणून ह्या वेळी अर्धंमुर्धं नाही. हे पत्र घेऊन तू उद्याच डॉक्टरकडे जा. गोळ्या शोधू नकोस, भांडू नकोस, लपवू नकोस, आणि स्वतः एकही बंद करू नकोस, ती चूक मी करून बसलेय. डॉक्टरपुढे ते वॉर्डातलं वाकडं पत्र ठेव आणि शेजारी हे सरळ ठेव, आणखी काही बोलावं लागणार नाही. वाकडं ह्या पाकिटातच घातलंय. मी शुक्रवारी पोचते, शाळेतून रजा मिळो न मिळो. त्याला मी तोंडावर सांगेन की मी सांगितलं. शिव्या मला खाऊ देत. तू दारात उभी राहून तुझं ते बोलायचं राहिलेलं बोलून घे, मी ऐकून घेईन, मगच आत येईन.

तो मला पुन्हा कधी लिहील असं वाटत नाही. तेव्हा डॉक्टरांचं झालं की दोन्ही पत्रं मला परत दे. वाकडं मी जपून ठेवणार आहे. आणि सरळ आहे ते, त्याचं इतकं सुंदर अक्षर पुन्हा कधी येऊ नये असं मी देवाला मागतेय, आणि आलंय ते टाकवत नाही.

तुझा लोभ असो नसो, माझा धरून चाल.

तुझी वन्सं